नाताळची गाणी वैशाखात ऐका

डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात गाण्याला हंगाम असतो. भात पिकायला लागलं की तारपा बाहेर निघतो आणि दिवाळीच्या आसपास पाड्यापाड्यांत रात्र रात्र वाजतो. धवलेरींची गाणी लग्नसराईतली. चैत्री पौर्णिमेला विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा भरते, तेव्हाचे सूर वेगळे. कणसरीची कथा घांगळीवर गायची, तर तीही तिच्या वेळेलाच. गाणं केव्हा म्हणायचं हे इथे गाण्याइतकंच महत्त्वाचं मानलं जातं, आणि ते योग्यच आहे.

अशा मुलखात राहून मी सांगणार आहे की नाताळची गाणी बारा महिने ऐका, त्यातही अनोळखी, आडवाटेची गाणी शोधा आणि त्यांची क्रमवारी लावा. इथे ऐकणं आणि गाणं यांत मी फरक करतो. देवळातलं, चर्चमधलं, अंगणातलं गाणं त्याच्या दिवशीच गायलं जावं. ऐकणाऱ्याचा अभ्यास मात्र हंगामाबाहेरच चांगला होतो. डिसेंबरात चांदणीचे कंदील लागलेले असतात, गोठा सजलेला असतो, पाहुणे आलेले असतात, ताटात करंज्या आणि केक असतो. त्या वेळी कुठलंही गाणं गोड लागतं. तेच गाणं वैशाखात, डहाणूच्या दमट दुपारी, पंखा बंद पडलेला असताना ऐका. सणाचा साज गळून पडतो आणि उरतं ते फक्त गाणं. त्यात काही असेल तर कळतं, नसेल तर तेही कळतं.

थंडीच्या गाण्यांना उन्हात ऐकणं विचित्र वाटत असेल, तर त्यातली काही लिहिली कुठे गेली हे पाहा. ‘लेट इट स्नो’ हे बर्फाचं गाणं सॅमी कान आणि ज्यूल स्टाइन यांनी 1945 च्या जुलैत, हॉलिवूडच्या ऐन उन्हाळ्यात लिहिलं. शेकोटीवर भाजल्या जाणाऱ्या चेस्टनटचं ‘द ख्रिसमस साँग’ मेल टॉर्मे आणि बॉब वेल्स यांनी त्याच उन्हाळ्यात रचलं. ‘जिंगल बेल्स’ 1857 साली छापलं गेलं, त्यात नाताळचा उल्लेखच नाही. आयझॅक वॉट्सनी 1719 साली लिहिलेलं ‘जॉय टू द वर्ल्ड’ 98व्या स्तोत्रावर बेतलेलं आहे, ते खास नाताळसाठी लिहिलेलं नव्हतं. ‘गुड किंग वेन्सेसलास’ची चाल 1582 च्या ‘पिए कान्तिओनेस’ या संग्रहातल्या एका वसंतगीताची, आणि शब्द 1853 मध्ये जॉन मेसन नील यांनी बसवलेले. ‘कॅरल ऑफ द बेल्स’ तर मुळात मिकोला लेओन्तोविच यांचं ‘श्चेद्रिक’ हे युक्रेनी गीत. त्यात एक पाकोळी घरात येऊन यजमानाला नव्या वर्षाची भरभराट सांगते. घंटांचे इंग्रजी शब्द त्याला पीटर विल्हाउस्की यांनी 1936 मध्ये दिले. म्हणजे नाताळची म्हणून आपण जी गाणी डिसेंबरात कोंडून ठेवतो, त्यातली कितीतरी आधीच इतर ऋतूंतून आलेली आहेत.

ऐकण्याचं वर्ष कसं आखायचं, ते आता सांगतो. ख्रिस्ती पंचांगातच त्याच्या खुणा आहेत. 6 जानेवारी हा तीन राजांचा सण. ऑर्थोडॉक्स परंपरेतल्या अनेक चर्चमध्ये नाताळच 7 जानेवारीला येतो, तेव्हा पूर्व युरोपातली गाणी या आठवड्यात ऐका. 2 फेब्रुवारीला बाळ येशूच्या मंदिरातल्या समर्पणाचा सण असतो, आणि जुन्या रीतीत नाताळची सांगता तिथे होई. त्यानंतर उपवासकाळ लागतो. तुमच्या घरी किंवा शेजारी कोणी तो पाळत असेल तर गमतीची गाणी मोठ्याने लावू नका, कानाला हेडफोन लावा. 25 मार्चला देवदूताने मरियेला दिलेल्या निरोपाचा सण येतो, नाताळच्या बरोबर नऊ महिने आधी. मरियेवरची गाणी ऐकायला याहून चांगला दिवस नाही. 24 जूनला बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा जन्म साजरा होतो, नाताळच्या सहा महिने आधी, आणि तोवर आपल्याकडे पाऊस लागलेला असतो. जुलैत ऑस्ट्रेलियात हिवाळा असतो, तेव्हा दक्षिण गोलार्धातली गाणी ऐका. 1 सप्टेंबरपासून फिलिपिन्समध्ये नाताळची गाणी उघडपणे वाजायला लागतात, आणि होसे मारी चान यांचं 1990 चं ‘ख्रिसमस इन अवर हार्ट्स’ तिथे चार महिने थांबत नाही. डिसेंबराबाहेर नाताळची गाणी ऐकण्याचा हा नाद जगात इतरांनाही आहे, हे त्यावरून लक्षात यावं.

आगमनकाळाबद्दल मात्र मी थोडा कडक आहे. नाताळच्या आधीचे चार रविवार हे वाट पाहण्याचे आहेत. चर्चमध्येही या काळात ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत रविवारच्या मिस्सेत म्हटलं जात नाही, ते थेट नाताळच्या मिस्सेत परत येतं. वर्षभर ऐकणाऱ्याने निदान हे चार आठवडे आपला संग्रह मिटून ठेवावा. 24 च्या रात्री पहिलं गाणं कानावर पडतं तेव्हा त्याचा अर्थ कळतो.

आता काय ऐकायचं. आडवाटेचं म्हणजे नुसतं चमत्कारिक नव्हे. ज्या गाण्यात गाणाऱ्याची स्वतःची माती आहे, आणि म्हणून जे इतर कुठे जन्मूच शकलं नसतं, ते माझ्या लेखी आगळं. या कसोटीवर एक गाणं मी सगळ्यांना आधी ऐकायला सांगतो, कारण त्याची गोष्ट डहाणू-तलासरीला फार जवळची आहे.

आजच्या कॅनडात, ह्युरन सरोवराच्या परिसरात वेंडाट नावाची आदिवासी जमात राहत असे. फ्रेंच त्यांना ‘ह्युरन’ म्हणत. त्यांच्यात राहिलेले जेझुइट धर्मगुरू जाँ दे ब्रेबफ यांनी 1642 च्या सुमारास त्यांच्याच भाषेत एक नाताळगीत रचलं, असं परंपरा मानते. त्याचं नाव ‘जेसूस आहातोन्हिया’, चाल एका जुन्या फ्रेंच गीताची. ब्रेबफ 1649 मध्ये मारले गेले, वेंडाट लोक पांगले, पण गाणं टिकलं. पुढे 1926 मध्ये जेसी एडगर मिडलटन यांनी त्याला इंग्रजी शब्द दिले, आणि ‘ह्युरन कॅरल’ म्हणून जगात तेच पसरलं. त्या इंग्रजी शब्दांत सशाच्या कातड्यात गुंडाळलेलं बाळ आहे, शिकारी आहेत आणि देवासाठी ‘गिची मॅनिटू’ हे नाव आहे. हे नाव वेंडाट भाषेचं नाही, ते शेजारच्या अल्गॉन्क्वियन भाषांमधलं. म्हणजे बाहेरच्या कवीने जंगलातल्या लोकांचं एक देखणं चित्र काढलं आणि ते चित्रच त्या लोकांचं गाणं म्हणून खपलं.

वारली चित्रांचं काय झालं ते ज्यांनी गंजाड-डहाणूच्या परिसरात पाहिलं आहे, त्यांना यातली खोच लगेच कळेल. चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या हातून जी रेषा जगापुढे गेली, तिची नक्कल आज हॉटेलांच्या भिंतींवर असते, आणि नक्कल करणाऱ्याला चौक म्हणजे काय, पालघट देवी कोण, हे ठाऊक नसतं. म्हणून या गाण्याची दोन्ही रूपं लागोपाठ ऐका. कॅनडाचे गायक ब्रूस कॉकबर्न यांनी 1993 च्या ‘ख्रिसमस’ या अल्बममध्ये ते वेंडाट भाषेत गायलं आहे. शब्द कळणार नाहीत. तरीही कुठलं रूप वर ठेवायचं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही: वेंडाट रूप माझ्या यादीत अगदी वर आहे, इंग्रजी रूप खूप खाली.

आपल्याकडे याहून जुनं उदाहरण आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमध्ये जन्मलेला जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आला आणि त्याने मराठीत, ओवीछंदात ‘क्रिस्तपुराण’ लिहिलं. 1616 मध्ये ते रायतूरला रोमी लिपीत छापलं गेलं. देवनागरीतली आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी 1956 मध्ये काढली. दुसऱ्या पुराणात येशूजन्माचा भाग आहे. तो नुसता वाचू नका. जात्यावरच्या ओवीची जी चाल तुमच्या आजीच्या तोंडी असेल, तीत म्हणून पाहा. ‘जेसूस आहातोन्हिया’च्या आधीचं हे नाताळगान आपल्या भाषेत आहे आणि आपल्या घरांत ते फारसं ऐकू येत नाही, याची मला खंत वाटते. नगरकडची परंपरा आणखी वेगळी. तिथे कृष्णराव सांगळे आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्यामुळे अभंग, पदं आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आलं, पेटी, तबला आणि झांजा आल्या. ‘उपासना संगीत’ हे मराठी गीतांचं पुस्तक हाती आलं तर त्यातला नाताळचा विभाग काढा आणि कुठल्या गीताची चाल परदेशी आहे, कुठल्याची इथली, याच्या खुणा करा. इथल्या चालींची गाणी वर्षभरात कधीही ऐकली तरी परकी वाटत नाहीत.

तारप्याच्या कानाने ऐकण्यासारखं एक इटालियन गाणं सांगतो. ‘तू शेंदी दाल्ले स्तेल्ले’ हे संत आल्फोन्सस लिगोरी यांनी 18व्या शतकात लिहिलं. इटलीच्या डोंगरांतले धनगर नाताळच्या आधी शहरांत उतरून झाम्पोन्या हे कातडी पिशवीचं वाद्य वाजवत, आणि या गाण्याची चाल त्याच वळणाची आहे. झाम्पोन्याचा सूर पिशवीतल्या हवेमुळे तुटत नाही. तारपकरी तेच काम श्वासाने करतो, नाकाने हवा घेत राहतो आणि दुधी भोपळ्यातून दोन नळ्यांमध्ये ती अखंड सोडत राहतो. झाम्पोन्यावरचं हे गाणं आणि तारप्याचं एखादं ध्वनिमुद्रण एका बैठकीत ऐका. डोंगरातल्या माणसाला न तुटणारा सूर का लागतो, यावर पोरांशी तासभर बोलता येईल.

अर्जेंटिनाच्या आरिएल रामिरेस यांचं ‘नाविदाद नुएस्त्रा’ 1964 चं, शब्द फेलिक्स लूना यांचे. तिथल्या लोकतालांत बांधलेली ही सहा गीतं आहेत. त्यातलं ‘ला पेरेग्रिनासिओन’ म्हणजे योसेफ आणि गरोदर मरियेची थंड माळरानावरची पायपीट. दिवाळी झाली की तलासरी, डहाणू, विक्रमगडमधली कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात, पोरंबाळं आणि भांडीकुंडी घेऊन. ते ज्याने पाहिलं आहे, त्याला हे गाणं समजावून सांगावं लागत नाही.

घरापासून दूर असलेल्या माणसाचंच आणखी एक गाणं आहे, पॉल केली यांचं ‘हाऊ टू मेक ग्रेव्ही’, ऑस्ट्रेलियातलं, 1996 चं. तुरुंगातला माणूस 21 डिसेंबरला भावाला पत्र लिहितो आणि यंदा मी नाही तर रस्सा कोण करणार, या काळजीने त्याची कृती लिहून पाठवतो. गाण्यात गोठा नाही, तारा नाही, घंटा नाही. घरगुती नाताळगीतांमध्ये मी याला पहिला क्रमांक देतो, आणि आजवर कुठल्या गाण्याने तो हलवलेला नाही.

गमतीच्या गाण्यांवर जास्त वेळ घालवायला नको, पण ती हवीत. गेला पीव्ही या दहा वर्षांच्या मुलीने 1953 मध्ये नाताळला पाणघोडाच हवा, असं गाणं गायलं. तिच्या ओक्लाहोमा शहरातल्या प्राणिसंग्रहालयासाठी वर्गणी गोळा झाली आणि तिला खरोखर माटिल्डा नावाची पाणघोडी मिळाली. तिने ती प्राणिसंग्रहालयाला दिली. लहान मुलांना ही गोष्ट सांगून गाणं ऐकवा. हिंदी चित्रपटांतलं पाहायचं तर ‘शानदार’ (1974) मधलं सांताक्लॉजचं गाणं आणि ‘जख्मी’ (1975) मधलं लता मंगेशकरांच्या आवाजातलं, बप्पी लाहिरींनी बांधलेलं चंद्रावर नेण्याचं गाणं घ्या. दुसरं मला जास्त आवडतं. त्यात मुलांशी बोलण्याचा सूर खरा आहे.

क्रमवारी लावताना पहिला नियम असा की सगळी गाणी एका रांगेत उभी करू नका. तीन कप्पे करा: उपासनेची, घरातली, गमतीची. कोणाच्या तरी प्रार्थनेला पाणघोड्याच्या गाण्याशी झुंजवणं बरं दिसत नाही, आणि त्यातून काही निष्पन्नही होत नाही.

दुसरा नियम घाई न करण्याचा. घोलवडचा चिकू झाडावरून काढल्याबरोबर खाल्ला तर तोंडात चीक बसतो. तो काही दिवस ठेवावा लागतो, तसंच गाण्याचं. एकदा उन्हाळ्यात, एकदा पावसात आणि एकदा नाताळानंतरच्या थंडीत ऐकल्याशिवाय क्रमांक देऊ नका. पावसातल्या ऐकण्याला मी सर्वांत जास्त वजन देतो. आतल्या पाड्यांत तेव्हा वीज जाते, मोबाइलला रेंज नसते, आणि गाणं आठवून स्वतः गुणगुणावं लागतं. जे शब्दांसकट आठवतं ते वर जातं. नुसता ठेका आठवत असेल तर गाणं चांगलं वाजवलेलं होतं, एवढाच त्याचा अर्थ.

गुण देण्याची पद्धत मी सोडून दिली. शंभरपैकी 78 आणि 81 यांतला फरक कोणालाच सांगता येत नाही. त्याऐवजी दोन गाणी समोरासमोर ठेवा आणि एकच प्रश्न विचारा: यातलं एकच पुढच्या वर्षी ऐकायला मिळणार असेल तर कुठलं ठेवाल? नवं गाणं आलं की ते यादीतल्या मधल्या गाण्याशी ताडून पाहा. जिंकलं तर वरच्या अर्ध्याच्या मधल्याशी, हरलं तर खालच्या अर्ध्याच्या मधल्याशी. यादीत 31 गाणी असतील तर पाच तुलनांत नव्या गाण्याची जागा ठरते. घरातल्या दोघांनी वेगळ्या याद्या कराव्यात आणि त्या वर्षातून एकदाच, 6 जानेवारीला, शेजारी ठेवाव्यात. आधी दाखवल्या की एकमेकांच्या आवडीची छाया पडते.

वही साधी असू द्या. गाण्याचं नाव, भाषा, कोणी रचलं, कुठल्या साली, कोणाकडून कळलं, कुठल्या महिन्यात ऐकलं आणि दोन वाक्यांचं मत. मत लिहिताना ‘छान’, ‘सुंदर’ असे शब्द टाळा. गाण्यातली नेमकी कुठली जागा धरली किंवा सोडली, ते लिहा. इंटरनेटवर रचनाकाराचं नाव आणि साल यांचे घोटाळे फार असतात, तेव्हा निदान दोन ठिकाणी पडताळल्याशिवाय ते शाईने लिहू नका.

एवढं ऐकून झाल्यावर कान जगभर फिरून आलेले असतात, आणि मग आपल्या मुलखात काय आहे, हे जास्त स्पष्ट ऐकू येतं. पालघर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला वसईत सामवेदी आणि वाडवळ ख्रिस्ती समाज आहेत, त्यांच्या बोलींत गाणी आहेत. तलासरीत जेझुइट मिशनचं ज्ञानमाता सदन आहे. अच्छाडचा नाका ओलांडला की गुजराती कानावर पडते, झाई-बोर्डीच्या किनाऱ्यावर मांगेली, आणि पाड्यांवर वारली, कोकणा, मल्हारकोळी. एवढ्या बोली ज्या दोन तालुक्यांत बोलल्या जातात, तिथे नाताळचं गाणं फक्त मोबाइलवरून यावं, हे मला पटत नाही. एखाद्या पाड्यावर कोणी वारलीत नाताळगीत म्हणत असेल, एखाद्या आजीने मराठी पदाला आपल्या बोलीचे शब्द जोडले असतील, तर आपल्या यादीत त्याची जागा ‘जेसूस आहातोन्हिया’च्या बरोबरीची आहे.

ते नोंदवायचं असेल तर आधी परवानगी घ्या, आणि ध्वनिमुद्रण कुठे जाणार हे स्पष्ट सांगा. ‘कुठे टाकू नका’ म्हणाले तर टाकू नका. फोन विमान मोडवर ठेवा, पंखा बंद करा आणि फोन घडी केलेल्या टॉवेलवर गाणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. सुरुवातीला गाव, पाडा, तारीख आणि भाषा तोंडाने बोलून घ्या. गाणाऱ्याची इच्छा असेल तरच नाव. गाणं संपल्यावर लगेच फोन बंद करू नका. ते कुठून शिकले, केव्हा म्हणतात, केव्हा म्हणत नाहीत, हे विचारा, आणि त्यातलं शेवटचं विसरू नका. एखादं गाणं फक्त त्याच्या दिवशीच म्हणायचं असेल तर ध्वनिमुद्रणासाठी आग्रह धरू नका, त्या दिवशी परत जा. फाइलची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा आणि एक प्रत गाणाऱ्याच्या घरी पोहोचवा. ही शेवटची गोष्ट बहुतेक जण करत नाहीत, आणि म्हणूनच पुढच्या माणसाला त्या घरात गाणं मिळत नाही.

तुम्ही डहाणू, तलासरी, कासा, उधवा, बोर्डी किंवा घोलवडला राहत असाल, तर आगमनकाळ लागण्याआधी आपल्या गावातलं निदान एक नाताळगीत शोधा. तुम्ही ख्रिस्ती असायलाच हवं असं नाही. ते वहीत लिहा, आणि यादी लावताना त्याला परक्या गाण्यांइतक्याच कडक कसोटीने पारखा. वर आलं तर वर ठेवा, खाली गेलं तर खाली, पण यादीबाहेर ठेवू नका.